नोकरीच्या दारात तंबाखूची झडती

फॉर्म चार पानांचा होता. तिसऱ्या पानावर रक्तगट आणि चष्म्याच्या नंबराखाली एक ओळ होती: तंबाखू / गुटखा / धूम्रपान. पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. पोराने निळ्या बॉलपेनने ‘होय’वर टिक केली होती आणि बाजूच्या जागेत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘दिवसाला एक पुडी’.

हा पोरगा म्हणजे आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा धाकटा. बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला, ट्रेड फिटर. चाकणच्या एका कंपनीत कंत्राटदारामार्फत भरती होती. लेखी परीक्षा झाली, ट्रेड टेस्टमध्ये तर त्याचा जॉब सगळ्यांत चांगला उतरला. मग मेडिकल. डोळे, कान, बी.पी. तपासलं, छातीचा फोटो काढला, बाटलीत लघवी घेतली. दोन दिवसांनी सुपरवायझरचा फोन आला: तंबाखूवाले घ्यायचे नाहीत असं वरून आलंय. मावशींनी फॉर्मची झेरॉक्स माझ्या ओट्यावर ठेवली, कणकेचे हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, “ताई, यात नेमकं काय चुकलंय ते जरा वाचून सांगा.”

मी दोनदा वाचला. चुकलेलं काहीच नव्हतं.

निकोटिन घेणाऱ्या माणसाला नोकरीच द्यायची नाही, या धोरणाला माझा विरोध आहे. तो मला पटेल अशा भाषेत मांडायचा म्हणून हे लिहायला बसले. तंबाखूची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. तंबाखूचा जेवढा राग माझ्या मनात आहे तेवढा क्वचितच कोणाच्या असेल, आणि त्याला कारण आहे.

आमचे अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाच्या टोकाने काढलेला चुना, मग उजव्या अंगठ्याने मळत राहायचं. दोन टाळ्या मारून भुसा उडवायचा आणि बार खालच्या ओठात. हे मी लहानपणी इतक्या वेळा पाहिलंय की आजही कोणी तळहातावर अंगठा फिरवला तरी मला तो वास येतो. तंबाखू का सोडत नाही असं विचारलं की ते एकच सांगायचे: रात्री तीन वाजता प्रेसखाली हात असताना डोळा लागला तर बोटं जातात. तंबाखू सोळाव्या वर्षी लागली होती, गावाकडे, नांगरामागे चालताना. एक्कावन्नाव्या वर्षी गालाच्या आतली जखम भरेना. उजवा जबडा काढावा लागला, मग रेडिएशनचा शेक दिला. शेवटची चार वर्षं ते नळीतून पेज घेत होते. मी भरवायची. ज्याने अशी नळी धरली आहे त्याला तंबाखूचे दुष्परिणाम पाकिटावरच्या चित्रातून कळावे लागत नाहीत.

पण याच गोष्टीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. त्या चार वर्षांत कारखान्याने त्यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं, ऑपरेशनचा मोठा भाग उचलला, पगार थांबवला नाही. माझ्या बी.एड.ची फी त्याच पगारातून गेली. भरतीच्या दिवशी कोणी त्यांच्या हातात हा फॉर्म ठेवला असता आणि त्यांनी ‘होय’वर टिक केली असती, तर तंबाखू सुटली नसती. सुटली असती ती नोकरी. ते गावी परतले असते, तिथेही तंबाखू खाल्लीच असती, आणि जखम झाल्यावर जवळ ना डॉक्टर असता, ना पगार. दारातून परत पाठवणं म्हणजे व्यसन सोडवणं नव्हे, हे मला एखाद्या सिद्धांतातून कळलेलं नाही.

ही कल्पना आली अमेरिकेतून. तिथे काही कंपन्यांनी १९८० च्या दशकातच सिगारेट ओढणाऱ्यांची भरती बंद केली होती. १९९५ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. नॉर्थ मायामी शहराच्या नगरपालिकेत टंकलेखनाच्या साध्या नोकरीसाठीही ‘मागचं वर्षभर तंबाखू घेतलेली नाही’ असं प्रतिज्ञापत्र मागत. न्यायालयाने नगरपालिकेची बाजू उचलून धरली. मिशिगनमधल्या वेको नावाच्या कंपनीने २००५ मध्ये त्याही पुढचं पाऊल टाकलं: नोकरीत असलेल्यांचीच चाचणी, आणि चाचणी द्यायला नकार देणाऱ्या चौघांची नोकरी गेली. त्यांनी सिगारेट कामावर ओढली असा आरोपच नव्हता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही धूम्रपान करणाऱ्यांना नोकरी न देण्याचं धोरण घेतलं. २००७ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिक हे नामांकित रुग्णालय त्यात आलं आणि १ फेब्रुवारी २०२० पासून यू-हॉल या ट्रक भाड्याने देणाऱ्या कंपनीने २१ राज्यांमध्ये निकोटिन घेणाऱ्यांची भरती थांबवली. एकवीसच का, तर बाकी बहुतेक राज्यांत हे करायला कायद्याने मनाई आहे. अमेरिकेच्या २९ राज्यांत कामाबाहेरच्या वेळात तंबाखू घेणाऱ्याला संरक्षण आहे. म्हणजे ज्या देशातून हे आलं तिथेही याबाबत एकमत नाही.

आपल्याकडेही ही हवा आली आहे. २०२० च्या डिसेंबरात झारखंड सरकारने जाहीर केलं की पुढच्या एप्रिलपासून सरकारी कर्मचाऱ्यांनी तंबाखू न खाण्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. खासगी क्षेत्रात असं काही जाहीर करावंच लागत नाही. ‘वरून आलंय’ एवढं म्हटलं की काम भागतं, आणि ते वर कोण बसलंय हे बावीस वर्षांच्या पोराला कधीच कळत नाही.

कंपन्यांचं पहिलं कारण असतं खर्च. अमेरिकेत त्याला आधार तरी आहे. तिथे कामगाराचा आरोग्य विमा मालक भरतो आणि उपचार भयानक महाग आहेत. २०१३ मधल्या एका अभ्यासाने सिगारेट ओढणारा कर्मचारी मालकाला वर्षाला साधारण ५,८०० डॉलर जास्त पडतो असा हिशोब मांडला होता. त्यात दवाखान्याचा खर्च होता, रजा होत्या आणि सिगारेटसाठी बाहेर जाण्यात गेलेला वेळही होता.

तो हिशोब जसाच्या तसा चाकणला आणला तर चालत नाही. पगार २१,००० रुपयांच्या आत असलेला कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, येतो. तिथे मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. कामगार तंबाखू खातो की माळकरी आहे यावर हा आकडा एका पैशाने बदलत नाही. कर्करोग झाला तर उपचार ईएसआयचा दवाखाना करतो, बिल कंपनीच्या टेबलावर येत नाही. शिवाय कंत्राटी पोरगा त्या गेटच्या आत सहसा टिकतो किती दिवस? अकरा महिने, फार तर दोन-तीन वर्षं. तंबाखू आपलं बिल वीस-तीस वर्षांनी पाठवते. ज्याला तुम्ही पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवणार की नाही हेच ठरलेलं नाही, त्याच्या पन्नाशीतल्या जबड्याची काळजी तुमच्या ताळेबंदात येते कुठून? ज्या कंपनीने त्याला कायम करून साठाव्या वर्षापर्यंत सांभाळायचं ठरवलं आहे, तिने हा मुद्दा काढला तर मी निदान ऐकून घेईन.

रजांचा आणि वेळेचा मुद्दा मात्र मी मानते. सिगारेटसाठी दर तासाला खाली उतरणारा माणूस बाकीच्यांवर काम टाकतो. हिंजवडीतल्या टपऱ्यांवर सकाळी अकरा वाजता उभी असलेली गर्दी मी पाहिली आहे. पण त्यावर उपाय वेळेचा हिशोब ठेवण्याचा आहे. कामाचे तास मोजा, उशिराचा पगार कापा. चहाला तितकाच वेळ घालवणाऱ्यालाही तोच नियम लावा.

आता हा नियम महाराष्ट्रात लागू झाला तर बाहेर कोण राहतं ते बघू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. त्यात धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के. तोंडात ठेवणारे २४.४ टक्के, काही जण दोन्ही. अमेरिकेत या चर्चेत डोळ्यापुढे येतो तो सिगारेट ओढणारा. आपल्याकडे यायला हवा तो तंबाखू मळणारा आणि मशेरी लावणारी. मार्केट यार्डातला हमाल, मजूर अड्ड्यावर सकाळी साडेसातला थांबलेला बिगारी, पहाटे रस्ता झाडणारी बाई, रात्री सोसायटीच्या गेटवर बसणारा वॉचमन, ट्रकच्या केबिनमध्ये नाशिक ते पुणे जागत येणारा ड्रायव्हर. कामाच्या स्वरूपाशीच ही सवय चिकटलेली असते. तंबाखूने भूक मरते आणि झोप लांबते, आणि ज्याला जेवणाची वेळ मिळत नाही व झोप परवडत नाही त्याला हेच दोन गुण हवे असतात. पुण्याच्या हमाल पंचायतीने कष्टकऱ्यांसाठी ‘कष्टाची भाकर’ नावाची स्वस्त जेवणाची केंद्रं चालवली. कष्टकऱ्याच्या पोटाचा विचार आधी करणारी माणसं याच शहरात आहेत, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि मशेरी. तिच्याबद्दल पुरुषांनी लिहिलेल्या लेखांत एक ओळही नसते म्हणून थोडं थांबून लिहिते. माझी आजी परसात जुन्या तव्यावर तंबाखूची पानं भाजायची. तवा तापला की धूर असा उठायचा की अख्खं घर ठसकायचं, शेजारची खिडकी धाडकन बंद व्हायची. काळी पडलेली पानं ती हाताने चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठून तर्जनीवर घेऊन हिरड्यांना लावल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. दात घासायचंच ते, अशीच तिची समजूत होती. आज पुण्याच्या वस्त्यांमधून हजारो बाया पहाटे हेच करतात, मग चार घरच्या कामाला निघतात. आमच्या मावशीही. त्यांना कोणी ‘तुम्ही निकोटिन घेता का’ असं विचारलं तर त्या खरेपणाने नाही म्हणतील, कारण त्यांच्या लेखी ते दंतमंजन आहे. लघवीची चाचणी केली तर ‘होय’ येईल. मग त्यांना खोटारडी ठरवायचं का?

चाचणीबद्दलही बोललं पाहिजे, कारण विज्ञानाचा शिक्का बसला की माणसं प्रश्न विचारायचं थांबतात. निकोटिन शरीरात गेलं की यकृतात त्याचं कोटिनिन होतं. निकोटिन काही तासांत निघून जातं, कोटिनिन दिवसेंदिवस रेंगाळतं, म्हणून लघवीत किंवा लाळेत तेच शोधतात. अडचण अशी की कोटिनिनला त्याचं निकोटिन कुठून आलं ते सांगता येत नाही. तंबाखू सोडायची म्हणून एखादा मेडिकलमधून निकोटिनचं गम आणून चघळत असेल तर तोही नापास. म्हणजे सोडायला निघालेला आणि न सोडणारा एकाच रांगेत. अॅनाबेसिन नावाचा दुसरा घटक तपासून हा फरक कळू शकतो, पण जिथे मेडिकल शंभर-शंभर पोरांचं एका दुपारी उरकलं जातं तिथे तो फरक कोण तपासत बसणार?

उलट्या बाजूने पाहा. सुपारीत निकोटिन नसतं. तंबाखू नसलेला पान मसाला दिवसभर खाणारा माणूस या चाचणीत स्वच्छ सुटतो. सुपारीने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच नोंदवलं आहे, आणि तोंड न उघडण्याचा जो आजार आपल्याकडची तरुण पोरं घेऊन येतात त्याचं मुख्य कारण सुपारीच आहे. दारूचा तर प्रश्नच फॉर्मवर नव्हता, मी मुद्दाम पुन्हा पाहिलं. मग हे आरोग्याचं धोरण कसं म्हणायचं? ज्या व्यसनाचा वास येतो आणि जे बहुतेक गरिबाच्या तोंडात असतं, ते तेवढं निवडलेलं आहे.

‘पण तंबाखू खायची की नाही हे त्याच्या हातात आहे ना,’ असं माझ्या बहिणीने मला विचारलं. तिनेही अण्णांची ती चार वर्षं पाहिली आहेत, म्हणून तिचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पहिली चिमूट हातात असते, खरं आहे. पण ती घेतली जाते तेव्हा वय काय असतं? त्याच राष्ट्रीय पाहणीत तंबाखू सुरू करण्याचं सरासरी वय १९ च्या आसपास निघालं, म्हणजे कित्येक जण त्याच्या बरेच आधी सुरू करतात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. अठराच्या आतल्याला विकणं गुन्हा आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. हे सगळं असूनही पोराला नववीत पुडी मिळाली, तर चूक एकट्या त्याची कशी? आम्ही मोठ्यांनी पहारा दिला नाही आणि बावीसाव्या वर्षी शिक्षा त्याला.

आणि लागल्यावर सोडणं हातात राहत नाही. कोणाच्याही मदतीशिवाय, नुसत्या निश्चयावर सोडायला निघालेल्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. आपल्या देशातले जवळपास निम्मे तंबाखूवाले सोडण्याचा विचार करत असतात, हेही त्याच पाहणीत आलं आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिलं. तेव्हापासून पुणं एक गोष्ट ऐकत आलं आहे, की व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणूस रुग्ण आहे. व्याख्यानमालेत आपण त्यावर टाळ्या वाजवतो. भरतीच्या टेबलावर मात्र त्याच रुग्णाला अपात्र म्हणतो.

मालकाला काहीच अधिकार नाही असं मी म्हणत नाही. त्याचे अधिकार मोठे आहेत, फक्त ते गेटच्या आत आहेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडेपेटी घेऊन जाता येणार नाही, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. पेंट शॉपमध्ये, पेट्रोलपंपावर, खाण्याचे पदार्थ बनतात तिथे झडती घ्या, पुडी काढून घ्या, दुसऱ्यांदा सापडला तर घरी पाठवा. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकणाऱ्याला दंड करा. २०१८ मध्ये पुणे महापालिकेने रस्त्यावर थुंकणाऱ्यांना पकडून दंड तर केलाच, वर स्वतःच्या हाताने ती जागा पुसायला लावली. मला ती मोहीम आवडली होती. कारण शिक्षा थुंकण्याला होती. तंबाखू खातोस म्हणून शहरात राहू नकोस, असं महापालिका म्हणाली नाही. बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, तीही कृतीवरच आहे. कायद्याने जी रेघ ओढली आहे ती मला शहाणपणाची वाटते: दुसऱ्याच्या फुफ्फुसात तुमचा धूर जायचा नाही. आठ तासांच्या कामाचे पैसे देणाऱ्याचा हक्क त्या आठ तासांवर आहे. उरलेल्या सोळा तासांत, स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर बसून माणूस काय करतो हे बघायला त्याची लघवी तपासण्याचा हक्क त्यात येत नाही.

एक जागा अशी आहे जिथे मी बराच काळ अडकले होते. रुग्णालय. कर्करोगाच्या वॉर्डात काम करणाऱ्या माणसाच्या तोंडाला तंबाखूचा वास येणं मलाही सहन होणार नाही, मी त्या वॉर्डात राहिले आहे. क्लीव्हलँड क्लिनिकचं म्हणणं हेच होतं की आरोग्याचा सल्ला देणाऱ्यांनी तो आधी पाळावा. त्यांनी निदान चाचणीत नापास झालेल्याला तंबाखू सोडण्याचा मोफत कार्यक्रम दिला आणि ९० दिवसांनी पुन्हा अर्ज करण्याची मुभा ठेवली. डॉक्टरपुरतं, समुपदेशकापुरतं हे मी समजू शकते. पण त्याच रुग्णालयात फरशी पुसणाऱ्या मामांना, स्ट्रेचर ढकलणाऱ्याला, बाराबारा तास उभ्या असलेल्या गार्डला तोच नियम लावला की तो आदर्श घालून देण्याचा राहत नाही. अण्णांना एक्स-रेसाठी न्यायला येणारा वॉर्डबॉय तंबाखू खायचा. अण्णांची अवस्था रोज पाहून तो खायचा थांबला नाही, आणि तरीही त्यांना उचलताना त्याच्याइतकी हलकी हाताची पकड कोणाचीच नव्हती. त्याला बडतर्फ केलं असतं तर आमचं काय भलं झालं असतं, मला माहीत नाही.

कायद्याचं म्हणाल तर खासगी मालकाला अडवणारं आज फारसं काही नाही. समान संधीचं घटनेतलं कलम १६ सरकारी नोकरीसाठी आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, पण मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागायचे असतात. मात्र कायदा करायचा ठरवला तर करता येतो. त्याच २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने नोकरीसाठी एचआयव्हीची चाचणी सक्तीची करायला मनाई केली, आणि ती खासगी मालकालाही लागू आहे. काम करण्याची क्षमता आणि दुसऱ्याला धोका, एवढ्याच दोन गोष्टी तिथे पाहायच्या. निकोटिनसाठी याहून वेगळी कसोटी का असावी?

माझ्या मते मेडिकलच्या फॉर्मवर हा प्रश्न असावा. जरूर असावा. पण तो भरून घ्यावा ऑफर लेटर दिल्यानंतर, आणि ते पान जावं कंपनीच्या डॉक्टरकडे, भरती करणाऱ्याकडे नाही. मोठ्या कारखान्याला कॅन्टीन द्यावं लागतं हे कायद्यात आहेच. तिथे जेवायला येणाऱ्यांच्या तोंडात महिन्यातून एकदा बॅटरी मारून बघायला दंतवैद्य बसवणं अवघड नाही. पांढरा चट्टा वेळेवर दिसला तर जबडा वाचतो. अण्णांचा चट्टा कोणी पाहिलाच नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन २०१६ पासून आहे, तो नंबर टाइम ऑफिसच्या भिंतीवर लावायला किती खर्च येतो? आणि पैसे खर्च करायचेच असतील तर जनरल इलेक्ट्रिकचं उदाहरण आहे. तिथल्या ८७८ कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सिगारेट सोडण्याबद्दल टप्प्याटप्प्याने मिळून ७५० डॉलर देऊ केले. वर्षाच्या सुमारास त्या गटातले १४.७ टक्के सिगारेटपासून दूर होते, पैसे नसलेल्या गटातले ५ टक्के. आकडा फार मोठा नाही, तंबाखूशी लढाईत आकडे फार मोठे नसतातच. पण जवळजवळ तिप्पट आहे, आणि ते जमलं कारण ती माणसं नोकरीत होती.

नोकरी नसलेल्यांचं काय होतं तेही कॅलिफोर्नियात पाहिलं गेलंय. काम शोधणारे धूम्रपान करणारे आणि न करणारे यांच्यामागे वर्षभर राहिल्यावर न करणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना काम मिळालं, करणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. रिकाम्या हाताच्या माणसाला वर्षभर ‘नाही’ ऐकावं लागलं तर तो पुडी कमी करेल की वाढवेल, हे तुम्हीच तुमच्या ओळखीतल्या एखाद्याला आठवून ठरवा.

गेल्या महिन्यात हा प्रश्न आमच्या सोसायटीतही आला. वॉचमन आणि कामाच्या बाया ‘निर्व्यसनी’ असाव्यात, तशी अट एजन्सीला घालावी, असा ठराव कोणीतरी मांडला. आपण मालक आहोत हे एरवी आपल्याला जाणवत नाही, पण त्या संध्याकाळी आम्ही सगळे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मालक म्हणूनच बसलो होतो. मी उठून विरोध केला. गेटपाशी थुंकायचं नाही आणि ड्यूटीवर तंबाखू नाही एवढी अट घाला, त्याला माझा हात वर आहे, म्हटलं. त्याचबरोबर रात्रपाळीच्या वॉचमनला दोन वाजता चहा आणि बिस्किटं द्या, त्याला बाराऐवजी आठ तास बसवा, म्हणजे जागं राहायला त्याला तंबाखू लागणार नाही. थुंकण्याची अट मंजूर झाली. चहाही मंजूर झाला. आठ तासांचं पुढच्या सभेवर ढकललं. मी ते पुन्हा मांडणार आहे.

मावशींच्या पोराला मागच्या आठवड्यात काम मिळालं. रांजणगावला, दुसऱ्या कंत्राटदाराकडे. फॉर्म तसाच होता. या वेळी त्याने ‘नाही’वर टिक केली, आणि मेडिकलच्या आधी पाच दिवस तंबाखू बंद ठेवली. मित्रांनीच सांगितलं होतं किती दिवस ठेवायची ते. त्या पाच दिवसांत त्याचं डोकं दुखत होतं, आईवर खेकसत होता, दोन रात्री झोपला नाही, पण राहिला. मी म्हटलं, अरे, पाच दिवस राहिलास, सहावा का नाही? तर म्हणाला, “काकू, सहाव्या दिवशी नाईट होती.” आता कंपनीच्या रेकॉर्डवर तो निर्व्यसनी आहे, त्यामुळे तिथला डॉक्टर त्याचं तोंड कधी उघडून बघणार नाही. म्हणून येत्या रविवारी मीच त्याला माझ्या दंतवैद्याकडे घेऊन जाणार आहे.